चार भाषांचे शहर, दोन शास्त्रांची शाळा

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये घरोघर एकच विषय निघतो. पोराने पुढे काय घ्यायचे? सायन्सला टक्के कमी पडले, कॉमर्सची धास्ती वाटते, मग उरले आर्ट्स. आणि आर्ट्स म्हटले की घरातले कर्ते माणूस असा सुस्कारा टाकते, जणू पोरगे नापासच झाले! आम्ही स्वतः बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्चाच्या वह्या भरण्यात उमेदीची वर्षे गेली. त्याबद्दल तक्रार नाही, त्या वह्यांनीच घर चालवले. परंतु संध्याकाळी अभ्यासवर्गात मुलांबरोबर बसताना एक गोष्ट वारंवार जाणवते. आपल्या माणसांना आपल्याच आयुष्याकडे डोळे उघडून पाहायला शिकवणारे जे विषय आहेत, त्यांचे नावसुद्धा आपल्या घरात कोणी घेत नाही.

समाजशास्त्राचे नाव निदान कानावरून गेलेले असते. मानवशास्त्र म्हटले की उत्तर येते, "माकडापासून माणूस कसा झाला, तेच ना ते?" हे दोन विषय पदवीला जोडीने शिकावेत का, आणि शिकून हाती काय लागते, हे आम्हाला वाचकांपुढे मांडायचे आहे. पण फळ्यावर लिहून ते कळत नाही. म्हणून अभ्यासवर्गातल्या नऊ मुला-मुलींना घेऊन आम्ही दोन रविवार सोलापूर शहर आणि पंढरपूर पालथे घातले. प्रत्येकाच्या हाती एक दोनशे पानी वही आणि एक पेन, एवढाच लवाजमा. त्या फिरतीची ही हकिकत.

मिलिंद नगरातून निघताना

पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता बुधवार पेठेतल्या मिलिंद नगरातून निघालो. निघण्यापूर्वीच एका मुलाने शंका काढली. "काका, बाबासाहेब तर अर्थशास्त्र शिकले, कायदा शिकले. हे विषय त्यांनी कुठे घेतले होते?"

शंका रास्त होती. बाबासाहेबांच्या पदव्या आपल्याला पाठ असतात, त्यामागचे विषय ठाऊक नसतात. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र हे खरे. परंतु जोडीला त्यांनी इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र आणि मानवशास्त्रही घेतले. समाजशास्त्राला फ्रँकलिन गिडिंग्ज होते, मानवशास्त्राला अलेक्झांडर गोल्डनवायझर. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला.

म्हणजे जातीवरचे बाबासाहेबांचे पहिले मोठे लिखाण हे मानवशास्त्राच्या वर्गातला एका विद्यार्थ्याचा निबंध आहे! त्या निबंधात त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. मग स्वतःचे म्हणणे मांडले ते असे : जातीचा प्राण विटाळात नाही, धंद्यात नाही. तो जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत आहे. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली त्या सक्तीला टिकवण्यासाठी आल्या. वरच्याने दार लावून घेतले, खालच्यांनी त्याचे अनुकरण केले, आणि दारे लागत गेली. कुळी, गोत्र, लग्नाचे नियम हा मानवशास्त्राचा प्रांत. वर्ग, अनुकरण, समाजाची घडण हा समाजशास्त्राचा. दोन्ही शास्त्रे एका डोक्यात एकत्र आली म्हणूनच हे उत्तर सापडले, असे आम्हाला वाटते.

मुलगा म्हणाला, "मग आपल्याला हे शाळेत का नाही सांगितलं?" आम्ही म्हणालो, "आता चालायला लाग. बाकीचे रस्त्यात सांगतो."

एकच तलाव, दोन प्रश्न

सिद्धेश्वर तलावाच्या काठी, भुईकोट किल्ल्याच्या तटाकडे तोंड करून आम्ही बसलो. सोलापूरकराला सिद्धेश्वराची यात्रा सांगायला नको. संक्रांतीच्या सुमारास निघणारे सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, त्यानंतर भरणारा गड्डा. बाराव्या शतकातल्या शरण सिद्धरामांच्या नावाने चाललेली ही यात्रा. प्रत्येक नंदीध्वजाचा मान ठरलेला, आणि तो वेगवेगळ्या समाजांकडे.

मुलांना आम्ही विचारले, या यात्रेवर तुम्हाला काय काय विचारावेसे वाटते ते लिहा. पाव तासाने वह्या वाचल्या. काहींनी लिहिले होते : नंदीध्वज कोण सजवतो? तो पेलणाऱ्याने कोणते नियम पाळायचे? आजोबांनी नातवाला ते कसे शिकवले? अक्षता सोहळ्यात लग्नासारखे काय काय असते? दुसऱ्यांनी लिहिले : यात्रेत दुकानाची जागा कोणाला मिळते? पाळणेवाले कोठून येतात, वर्षातले किती दिवस घराबाहेर असतात? वर्गणी किती, हिशेब कोण ठेवतो? पोलीस बंदोबस्त कोण ठरवतो?

पहिले प्रश्न मानवशास्त्राचे, दुसरे समाजशास्त्राचे. ही विभागणी अगदी कडेकोट नाही, परंतु सुरुवातीला समजायला पुरेशी आहे. मानवशास्त्रवाला माणसांत जाऊन राहतो, त्यांची भाषा शिकतो, त्यांच्या पंगतीला बसतो आणि त्यांच्या नजरेने जग पाहायचा प्रयत्न करतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की हा गृहस्थ पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर असा राहिला, तेव्हापासून ही रीत रुळली. समाजशास्त्रवाला बहुधा आकडे, संस्था, वर्ग, सत्ता यांकडे पाहतो. शंभर घरे हिंडून एकच प्रश्न शंभर वेळा विचारतो. एक जण विहिरीत उतरतो, दुसरा सगळ्या गावातल्या विहिरी मोजतो. पाण्याविषयी खरे सांगायचे तर दोघेही लागतात.

शिवाय मानवशास्त्राच्या पोटात आणखी शाखा आहेत. माणसाच्या शरीराचा अभ्यास, भाषांचा अभ्यास, आणि उकरून काढलेल्या जुन्या वस्तूंचा अर्थात पुरातत्त्वाचा अभ्यास. म्हणून तो विषय काही ठिकाणी बी.ए.ला असतो, काही ठिकाणी बी.एस्सी.ला.

पूर्व भागातले नातेसंबंध

तेथून चालत पूर्व भागात शिरलो. साखर पेठ, अशोक चौक. मागांचा खडखडाट कानावर पडला की शहर बदलल्याचे कळते. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेले पद्मशाली विणकर येथे वसले. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक चिन्हांकन मिळाले आहे, ती कीर्ती या खडखडाटातून निघालेली आहे. खाली माग, वर बिऱ्हाड, आणि दाराशी सूप घेऊन विडी वळणाऱ्या बाया. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ याच भागातून निघतो. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकवस्ती असलेले हे शहर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांत भांडते आणि चारही भाषांत हसते.

एका ओळखीच्या विणकराच्या घरी चहा झाला. त्यांच्या आईंना आमच्यातल्या एका मुलीने सहज विचारले, "अव्वा, तुमचं लग्न कुठल्या नात्यात झालं?" म्हातारी हसून म्हणाली, "माझ्या मामाशीच की!" आमची पोरे एकमेकांकडे पाहू लागली. मराठी घरात मामाची मुलगी चालते, मामा नव्हे. तेलुगू आणि कानडी घरांत थोरल्या बहिणीच्या मुलीशी लग्न करण्याची चाल होती. भिंतीला भिंत लागून घरे, तरी नात्यांचे नियम वेगळे.

हाच अभ्यास डॉ. इरावती कर्वे यांनी आयुष्यभर केला. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या, बर्लिनला पीएच.डी. झालेल्या इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. तेथला त्यांचा विभाग समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांचा मिळून एकच होता, हे ध्यानात घ्यावे. १९५३ साली त्यांचा भारतातील नातेसंबंधांवरचा मोठा ग्रंथ निघाला. उत्तरेची नात्यांची रीत एक, दक्षिणेची दुसरी, आणि महाराष्ट्र हा दोहोंच्या मधला प्रदेश, असे त्यांनी दाखवले. आपल्या बाया सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई का म्हणतात, याचे उत्तर तेथे सापडते. मामाच्या, आत्याच्या घरी लग्न होत असे, म्हणून सासरे मामा आणि सासू आत्या! रोजच्या तोंडातल्या शब्दात केवढा इतिहास असतो पाहा.

चहा संपल्यावर आम्ही मुलांना काम दिले. येत्या रविवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या घराचा चार पिढ्यांचा वंशवृक्ष काढायचा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन रेघा. गाव कोणते, धंदा कोणता, शिक्षण किती, तेही लिहायचे.

नऊ वह्या भरून आल्या. पणजोबा गावकीत, आजोबा गिरणीत, बाप महापालिकेत किंवा मागावर, आणि मुले कॉलेजात. चार पिढ्यांत धंदा बदलला, गाव बदलले, धर्म बदलला, घरातले फोटो बदलले. एका मुलीने मात्र सगळ्या वह्या शेजारी शेजारी मांडून एक गोष्ट दाखवली. लग्नाची एकही दुहेरी रेघ जातीच्या बाहेर गेलेली नव्हती. दोन वह्यांत तर आजीने सांगितलेले होते, की १९५६ नंतरसुद्धा काही वर्षे सोमवंशी की लाडवण हे विचारूनच सोयरीक जमवली.

मुले बराच वेळ गप्प होती. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये वाचलेला निबंध सोलापूरच्या दोनशे पानी वहीत खरा ठरत होता. ही गोष्ट भाषणातून सांगितली असती तर टाळी पडली असती आणि विसरली गेली असती. स्वतःच्या हाताने काढलेली रेघ विसरता येत नाही.

गिरणीची चिमणी आणि सरकारचा हिशेब

सोलापूरचे कष्टकरी जीवन आकड्यांतही नोंदलेले आहे. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिला लोक पुढे जुनी मिल म्हणू लागले. मागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या. आता त्या सगळ्याच बंद आहेत. १९२८ साली मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाचा अहवाल छापला. घरात माणसे किती, ज्वारी किती, भाडे किती, कर्ज किती, असा तो अभ्यास. पुढे १९६५ साली अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहरावरचा ग्रंथ गोखले संस्थेने प्रसिद्ध केला.

आम्ही जमाखर्चाचे माणूस, म्हणून आम्हाला या अभ्यासांचे मोठे कौतुक. संपाच्या वेळी कामगार म्हणे, "भागत नाही." मालक म्हणे, "भागते." हिशेब हाती असला की वाद भावनेचा राहत नाही. अलीकडचे उदाहरण घ्या. शहराजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची आणि नंतर असंघटित कामगारांची घरकुले झाली. रे नगरच्या तीस हजार घरांच्या योजनेतील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या ताब्यात दिली गेली. अशी योजना मागायची तर कोण किती मिळवतो, कोणाला घर नाही, भाड्यात किती जाते, हे कागदावर दाखवावे लागते. समाजशास्त्र शिकलेला मुलगा वस्तीला येथे उपयोगी पडतो.

सेटलमेंट

दुपारी रिक्षाने सेटलमेंटला गेलो. सोलापुरात हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, पण नव्या पिढीला त्याचा अर्थ ठाऊक नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पोटी जन्मलेले मूलच गुन्हेगार, असे मानणारा हा कायदा! कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायचे, हजेरी घ्यायची, पासाशिवाय बाहेर सोडायचे नाही. सोलापूरची वसाहत ही मुंबई इलाख्यातली मोठी वसाहत होती. तेथली माणसे गिरण्यांतही राबली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला. म्हणून ही माणसे विमुक्त. स्वातंत्र्यदिन सगळ्यांचा १५ ऑगस्ट, यांचा आणखी पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी उजाडला.

येथे मानवशास्त्राची दुसरी बाजूही मुलांना सांगणे भाग होते. त्या काळातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी जातीजमातींची जाडजूड पुस्तके लिहिली. रिस्ले हे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. ते नाकाची रुंदी मोजून माणसाचा सामाजिक दर्जा सांगू पाहत होते. कोणती जमात कशी चोरी करते, याचीही पोलिसांसाठी पुस्तके निघाली. शास्त्राच्या नावाने माणसाच्या कपाळावर शिक्के मारले गेले.

मग हा विषय टाकून द्यावा का? बाबासाहेबांनी टाकला नाही. त्यांनी तेच मोजमाप हाती घेतले आणि उलटवले. १९४८ सालच्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी डॉ. गो. स. घुर्ये यांनी दिलेल्या नाकाच्या मोजमापांचे आकडे मांडले आणि दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही. वंशावरून अस्पृश्यता आली हा सिद्धान्त त्यांनी सिद्धान्तवाल्यांच्याच आकड्यांनी मोडला. तिकडे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्याच फ्रांझ बोआस यांनी स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजून दाखवले होते, की डोक्याची ठेवण परिस्थितीने एका पिढीत बदलते. बाबासाहेबांचे शिक्षक गोल्डनवायझर हे या बोआसांचेच विद्यार्थी. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्यांबरोबर आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांचाही हिशेब या समाजव्यवस्थेकडे मागितला आहे.

सेटलमेंटमधल्या एका ओट्यावर सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. वह्या-पेने पाहून त्यांनी आमच्या पोरांना सरळ विचारले, "लिवायला आलाव?" एक मुलगी म्हणाली, "हो आजी." आजी म्हणाल्या, "लई जण लिवून गेले, बाई. फोटू काढून गेले. काय लिवलं ते वाचून दाखवाया माघारी कोण आलं न्हाई."

त्या मुलीने वही मिटली आणि आजींच्या शेजारी बसून राहिली. तासभर आजी बोलत होत्या : आईने सांगितलेली हजेरीची घंटा, गिरणीचा भोंगा, पोलिसाची भीती, नातवाला कामावर ठेवताना पत्ता ऐकून मालकाने फिरवलेले तोंड. उठताना मुलगी म्हणाली, "आजी, पुढच्या महिन्यात येते. लिहिलेलं वाचून दाखवते. चुकलं तर तुम्ही सांगा." आणि ती गेली. वाचून दाखवले. आजींनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. एका ठिकाणी म्हणाल्या, "हे नको ठेवू, सुनेला वंगाळ वाटंल." मुलीने ती ओळ खोडली. क्षेत्रकार्याची नीती म्हणून पुस्तकात जे प्रकरण असते, ते तिने ओट्यावर शिकून घेतले.

आपल्या वाचकांना येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. आपण जयभीम म्हणतो, समतेची भाषा बोलतो. पारध्याच्या किंवा कैकाड्याच्या पोराला आपल्या वस्तीत भाड्याने खोली देताना आपले उत्तर काय असते? या जमातींनी आपले दुःख स्वतः लिहिले तेव्हा मराठीला 'उपरा' आणि 'उचल्या' मिळाले. लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड या दोघांनाही साहित्य अकादमीने गौरवले. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके हे सोलापूरचेच. त्यांच्या आयोगाचा अहवाल २००८ साली सादर झाला. ज्यांच्यावर लिहिले जात होते ते स्वतः लिहू लागले की शास्त्राची दिशा बदलते, ती अशी.

पंढरपूरची एस.टी.

दुसऱ्या रविवारी एस.टी.ने पंढरपूर गाठले. महाद्वाराशी नामदेवाची पायरी, आणि तिच्यासमोर, मंदिराबाहेर, चोखामेळ्याची समाधी. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंतीखाली गेले असे सांगतात. मंगळवेढेही आपल्याच जिल्ह्यातले. देवाच्या दारात समाधी झाली, पण त्यांच्या वंशजांना त्या दारातून आत जायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी त्यासाठी उपोषण केले.

इरावतीबाई स्वतः वारीत चालल्या होत्या आणि त्यावर त्यांनी लिहिले आहे. विठ्ठलाच्या नावाने एकत्र चालणाऱ्या एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायका स्वयंपाक वेगळा करतात, पंगत वेगळी मांडतात, हे पाहून त्या व्यथित झाल्या. हे त्यांना लांबून दिसले नसते. पायी चालल्या, मुक्कामाला राहिल्या, म्हणून चुलींची संख्या दिसली. आम्ही मुलांना म्हणालो, अभंग सगळेच ऐकतात, चुली मोजायला शास्त्र शिकावे लागते.

परतीच्या वाटेवर भीमेच्या पाण्याचा विषय निघाला. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, जिल्हा हिरवा झाला, आणि कित्येक गावे पाण्याखाली गेली. इरावतीबाईंनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली होती, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. घर गेले त्याचे पैसे मोजता येतात. भावकी तुटली, शेजार गेला, देवस्थान बुडाले, याची नोंद कोण ठेवणार? ही नोंद ठेवणारी माणसे आपल्यातून का येऊ नयेत?

घरच्यांचा प्रश्न

आता पालकांच्या मनातला प्रश्न. हे सगळे ठीक, पण पोट भरते का?

सेटलमेंटच्या आजींकडे जाणारी मुलगी आमच्या वर्गातली हुशार. आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात. वडील आम्हाला म्हणाले, "भाऊ, तुम्ही समाजाचं काम करता, तुमचं ऐकतो. पण माझी पोरगी लोकांच्या दारात वही घेऊन हिंडणार, आणि पगार कोण देणार?" त्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या घरी महिनाअखेर तेलाची बाटली पाहून भाजी होते, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्यांना जे सांगितले तेच येथे मांडतो.

सोलापूरच्या कला महाविद्यालयांत समाजशास्त्र हा ओळखीचा विषय आहे. मानवशास्त्राचे नाव प्रवेशाच्या खिडकीवर क्वचित ऐकू येते. परंतु दार बंद नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात दोन्ही विषय पदवीच्या पातळीवर आहेत. काम करता करता शिकणाऱ्याला ते सोयीचे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीला मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय घेता येतो. प्रवेशापूर्वी कॉलेजात जाऊन कोणती जोडी मिळते हे लेखी विचारून घ्यावे. पुढे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. २००४ साली स्थापन झालेल्या आपल्या सोलापूरच्या विद्यापीठात, म्हणजे आजच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात, पुरातत्त्वाचे शिक्षण मिळते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून आहे.

स्पर्धा परीक्षेचेही सांगितले पाहिजे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१२ पर्यंत दोन ऐच्छिक विषय घ्यावे लागत. त्यात मानवशास्त्र आणि समाजशास्त्र ही जोडी घ्यायला मनाई होती, कारण दोन्हींचा अभ्यासक्रम एकमेकांत इतका मिसळलेला! २०१३ पासून ऐच्छिक विषय एकच असतो. म्हणजे पदवीला दोन्ही शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यातला हवा तो निवडता येतो, आणि दुसऱ्याचा अभ्यास सामान्य अध्ययनात व निबंधात कामी येतो.

नोकऱ्यांचे म्हणाल तर समाजकल्याण, आदिवासी विकास, पाहणी आणि संशोधन करणाऱ्या संस्था, वस्तुसंग्रहालये, रुग्णालयातले समाजसेवेचे काम, शिक्षकी पेशा. १९४५ साली स्थापन झालेल्या भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचे एक केंद्र नागपुरात आहे. पुण्यात आदिवासी संशोधन संस्था आहे, बार्टी आहे. यातल्या बऱ्याच जागांना पदव्युत्तर शिक्षण लागते, हेही स्पष्ट सांगतो. नुसत्या बी.ए.वर लगेच टेबल-खुर्ची मिळेल असे सांगून कोणाच्या घरची फसवणूक आम्हाला करायची नाही. जोडीला टंकलेखन, संगणक आणि इंग्रजी पक्के करावे. फीचा, शिष्यवृत्तीचा आणि जातीच्या दाखल्याचा कागद वेळेत पुरा करावा. त्या कामाला आमच्यासारखे कारकून कार्यकर्ते आहेतच.

वडिलांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. म्हणाले, "पहिलं वर्ष करू दे. मग बघू." मुलीने कॉलेजात समाजशास्त्र घेतले आहे. मानवशास्त्राची पुस्तके ती ग्रंथालयातून आणून वाचते, आणि अवघड इंग्रजी शब्दांची मराठी यादी करून खालच्या वर्गातल्या मुलांना देते. आमच्या मते ही सुरुवात काही लहान नाही.

आपल्या समाजाने कायद्याचे शिक्षण घेतले, त्यामुळे हक्क मागता आले. डॉक्टर, इंजिनियर झाले, त्यामुळे घरे उभी राहिली. आता समाजाकडे पाहणारी, मोजणारी, ऐकणारी आणि लिहून परत वाचून दाखवणारी मुलेही हवीत. दुसऱ्याने आपल्यावर लिहिलेले वाचत बसण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या.

यासाठी प्रवेशाची वाट पाहायचे कारण नाही. आपल्या घरातल्या थोरल्या माणसाजवळ या सुट्टीत वही घेऊन बसा. चार पिढ्यांची नावे, गावे, धंदे आणि सोयरिकी लिहून काढा. आजी आज सांगेल, उद्याचा भरवसा नाही. लिहून झाले की तिला वाचून दाखवा. तिने चूक काढली तर खोडायला लाजू नका.